डीपीला पाणी घालायची पाळी

संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं बरं वाटतं." मी हो म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा कळलं की गमती माझ्याकडे बेताच्याच आहेत. भीती मात्र पोत्यानं आहे. ज्यांना फराळासोबत हलकंफुलकं हवं असेल त्यांनी हे पान खुशाल उलटावं.

मी वायरमन आहे. केज तालुक्यात नांदूरघाटच्या बाजूची काही गावं आणि वाड्या माझ्याकडे आहेत. कागदावर मला 'बाह्यस्रोत तंत्रज्ञ' म्हणतात. म्हणजे खांबावर चढतो मी, खांब कंपनीचा आणि माझी हजेरी तिसऱ्याच माणसाकडे, ठेकेदाराकडे. उद्या वरून पडलो तर मी नेमका कोणाचा होतो यावर दोन कार्यालयं एकमेकांना पत्रं लिहीत बसतील. हे मी रागानं लिहितोय. माझे वडील ऊसतोड कामगारांच्या संघटनेत होते. कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, गोष्टीची पुस्तकं नव्हती. संघटनेची पत्रकं होती. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. स्वतःचं नाव लिहायला येण्याआधी मला 'जाब विचारा' लिहिता येत होतं. त्यामुळे माझा आवाज जरा वरच्या पट्टीतच लागतो.

आमच्या कामात एक शब्द दिवसभर कानावर पडतो. फ्लक्च्युएशन. मराठीत चढउतार, पण चढउतार कुणी म्हणत नाही. आधी मी सिरसाळ्याकडं होतो तेव्हा तिथल्या एका दुकानदाराचा फोन यायचा, "ओ वायरमन, लाईट नाचायलीय. हलगी घेऊन या." एका बाईंना तो शब्द उच्चारता यायचा नाही. बल्ब काय करतोय ते त्या डोळे मिचकावून दाखवायच्या, आणि त्यांचा नवरा माझ्याकडे असा बघायचा की मी शिडी न लावताच परत यायचो.

हाच शब्द माझा मेहुणाही वापरतो. तो बीडला असतो आणि मोबाईलवर शेअर घेतो, विकतो. भाव पडले की सांगतो, "दाजी, हे फ्लक्च्युएशन हाय. धरून बसायचं. सरासरी बरी निघते." आणि हाच शब्द मी ग्राहक आयोगात ऐकला. एका माणसाचा फ्रीज आणि टीव्ही जळाला होता, त्याच्या तक्रारीत मला साक्षीला बोलावलं होतं. समोरचे वकील शांतपणे म्हणाले की वीजदाब थोडाफार खालीवर होणं हा पुरवठ्याचा स्वभावच आहे, ठरलेल्या मर्यादेत ते कायद्यालाही मान्य आहे. मी घाबरून "हो साहेब" म्हणालो. खरंच होतं ते. दोनशे तीस व्होल्ट हा आकडा धरला तर थोडं वर, थोडं खाली चालतं. कायदा मर्यादा विचारतो. बाजार सरासरी विचारतो. वाडीत गेलं की लोक विचारतात, "आज कुणाचं काय जळालं?"

या तिन्हींत फरक काय, हे मला एका वाडीत कळलं. गेल्या मे महिन्यात.

त्या वाडीत रशीदभाईचं घर आहे. रशीदभाई नांदूरघाटला मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळतो. वीज जितकी नाचेल तितका त्याचा धंदा चालतो आणि हे तो लपवत नाही. मला चहा पाजताना म्हणायचा, "भाऊ, तुमचं फ्लक्च्युएशन म्हंजी आमची ईद." पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या आईची फुप्फुसं निकामी होत गेली आणि घरात हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन आलं. मशीन विजेवर, आणि मध्ये दाबाचा आकडा दाखवणारा स्टॅबिलायझर; दाब फार चढला-उतरला की तो वीज तोडायचा. नाकात नळी घालून अम्मी दिवसभर खाटेवर टेकून बसायच्या आणि समोरच्या बल्बकडे बघायच्या. बल्ब जरा मंदावला की त्यांची बोटं चादरीत रुतायची. तेव्हापासून रशीदभाईनं ईदचा विनोद केला नाही.

आता थोडं धंद्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावात खांबावर जी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असते, तिच्यातून तीन तारा वीज घेऊन निघतात. प्रत्येक तारेवर एकेक गल्ली, असं समजा. चौथी तार परतीची, तिला न्यूट्रल म्हणतात. तिन्ही गल्ल्यांना सारखा दाब मिळतो तो या चौथ्या तारेमुळे. ती डीपीला घट्ट बांधलेली हवी आणि तिथून एक लोखंडी पट्टी जमिनीत खोल, पुरलेल्या प्लेटपर्यंत जायला हवी. तिला अर्थिंग म्हणतात. प्लेटभोवती ओल लागते, कोरड्या मातीतून वीज नीट जात नाही.

त्या वाडीत चौथी तार वर क्लॅम्पच्या आत जळून नावापुरती उरली होती. खालून ती धड दिसायची. तिचं काम जमीन करत होती. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. वाडीला एवढंच ठाऊक होतं की डीपीच्या खड्ड्यात पाणी घातलं की लाईट सुधारते. म्हणून बायकांनी पाळ्या लावल्या होत्या. रोज एका घरानं एक घागर डीपीला घालायची. पाळ्या पारूबाई बघायच्या. ऊसतोडीच्या टोळ्या चालवलेली बाई, पाठ वाकली तरी आवाज टोळीवरचाच. खड्ड्याशेजारच्या दगडाला हळदकुंकू लागलेलं असायचं. मी एकदा हसलो तर त्या म्हणाल्या, "हसतो कावून? तुज्या सायबापरीस ह्यो दगड बरा. पाणी घातलं की ऐकतो तरी."

मे महिन्यात टँकर फिरकेना. हंड्याच्या तळाशी पाणी आलं. डीपीला घालायचं ते कुठून घालणार?

अशात एका दुपारी जोराचा वारा सुटला. मी शेजारच्या गावात होतो. रशीदभाईचा फोन आला.

"भाऊ, लगेच या. लाईट पिसाळली."

पोचलो तेव्हा एका गल्लीतले बल्ब पांढरेफटक पेटले होते आणि पलीकडच्या गल्लीत निखाऱ्यासारखे लाल. रशीदभाईची तिसरी गल्ली अजून मध्येच लटकत होती. असं दिसलं की वायरमन ओळखतो, चौथी तार पुरती गेली. नियम सांगतो की आधी डीपीचे फ्यूज खाली ओढ. मी डीपीकडे धावता धावता फोनवर म्हणालो, "रशीदभाई, लाईन बंद करतो."

"नका! नका करू!" तो ओरडला. "सिलेंडर भरायला धाकटा केजला गेलाय. निघालाय तिथून, रस्त्यावर हाय. तवर अम्मी मशीनवरच हाय. बंद केलं तर..." पुढचं त्यानं म्हटलं नाही.

मी फ्यूजपाशी हात वर करून उभा राहिलो. ओढलं तर अम्मींचा श्वास जातो. नाही ओढलं तर दाब चढून मशीन जळतं आणि श्वास जातोच.

तेवढ्यात पारूबाई रशीदभाईच्या गल्लीतून ओरडत निघाल्या. "बंद करा रे समदं! रशीदच्या माईला तरास हुतोय! पंखे बंद करा, टीव्ही बंद करा!" लाईट नाचली की सगळं बंद करायचं, हे वाडी कितीतरी वर्षांत शिकली होती. आणि माणसं चांगली होती. गल्लीतल्या प्रत्येक घरानं, उकाड्यात, पंख्याचं बटण बंद केलं. त्याच गल्लीतल्या दत्तानं पिठाची चक्कीसुद्धा थांबवली.

फोनमधून स्टॅबिलायझरचा आवाज आला. टक. टक. मग मशीनची किंकाळी.

"चढलं!" रशीदभाई म्हणाला. "तीनशेच्या वर गेलं भाऊ! स्टॅबिलायझरनं सोडलं. मशीन बंद पडलं!"

काय झालं होतं ते मला त्या क्षणी कळलं. चौथी तार नसली की ज्या गल्लीवर भार कमी, तिच्यावर दाब जास्त येतो. शेजाऱ्यांनी अम्मींसाठी आपापली बटणं बंद केली आणि सगळ्या वाडीचा दाब एकट्या अम्मींच्या मशीनवर लोटून दिला.

"लावा!" मी गल्लीत धावत ओरडलो. "ह्या गल्लीतलं सगळं लावा! पंखे, इस्त्री, हीटर, जे असंल ते!"

पारूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "येडा झाला का रं? आत्ताच बंद केलं की!"

"मावशी, तुमच्या पाया पडतो. ह्या गल्लीत लावा आन् त्या दोन गल्ल्यांत बंद करायला सांगा. भार वाटून घ्यायचाय. एकटीवर टाकायचा न्हाई."

का, कसं, हे त्यांनी विचारलं नाही. त्या वळल्या आणि टोळीला हाक मारावी तशी हाक मारली. गल्लीत पंखे फिरू लागले. कुणी मे महिन्यात पाणी तापवायचा हीटर लावला.

"उतरतंय," फोनमधून रशीदभाई. "पण पुरं न्हाई. स्टॅबिलायझर घेईना. भाऊ, अम्मीचे ओठ काळे पडायलेत."

एवढ्यानं भागणार नव्हतं. गल्लीतला मोठा भार एकच, दत्ताची चक्की. दत्ता दारातच उभा होता.

"दत्ता, चक्की चालू कर."

"आन् मोटर जळाली तर?"

दत्ता आणि रशीदभाई वर्षभर बोलत नव्हते. दत्ताची मोटर रशीदभाईनं भरून दिली होती, ती महिन्यातच परत जळाली. तू तार हलकी घातली, तू चक्की जास्त ओढली, असं भांडण झालं होतं. फोन माझ्या हातात चालूच होता. त्यातून रशीदभाईचा आवाज आला, "दत्ता, चालू कर बे. जळाली तर मी भरून देतो."

"तूच भरलेली जळाली की बे मागच्या वख्ती!" दत्ता फोनवर खेकसला. पण खेकसता खेकसता त्याचा हात बटणावर गेला होता. चक्की धडधडली. रिकामी फिरली तर दगड झिजतात, म्हणून त्यानं भिंतीशी ठेवलेलं आपलं ज्वारीचं पोतं फोडून वर ओतलं आणि तापतीय का बघायला मोटरीवर तळहात टेकवून उभा राहिला.

"उतरलं," रशीदभाई म्हणाला. "अजून... अजून... घेतलं! स्टॅबिलायझरनं घेतलं. मशीन चालू झालं. बस! आता कुणी काही हलवू नका!"

त्यानंतरचा वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही. आख्खी वाडी आपापल्या बटणापाशी उभी होती. दोन गल्ल्या घामानं निथळत बंद पंख्याखाली आणि एक गल्ली नको असलेली इस्त्री तापवत. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, जणू बोलण्यानंही दाब हलेल. मध्येच कुणाच्या तरी घरातला फ्रीज आपोआप बंद पडला आणि फोनमधून टक ऐकू आलं. पारूबाई पुटपुटल्या, "कुणाचा हाय तो मुडदा?" बाकी चक्कीचा आवाज आणि ज्वारीच्या पिठाचा वास. मी फोन कानाला लावून एका म्हाताऱ्या बाईचा श्वास ऐकत होतो. ओढलेला, सुटलेला, परत ओढलेला. प्रत्येक दोन श्वासांच्या मध्ये मी मरत होतो.

मग फाट्यावरून ऑटोचा हॉर्न आला. रशीदभाईच्या धाकट्या भावानं सिलेंडर खांद्यावर घेऊन पळत आत नेला. नळी बदलली. रशीदभाई म्हणाला, "करा बंद." मी फ्यूज ओढले. चक्की थांबली. दत्तानं मोटरीवरचा हात काढून पाहिला. तळहात लाल झाला होता, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

लोक डीपीपाशी जमले तसं कुणीतरी बोललंच. "पाळी कुणाची हुती? पाणी घातलं न्हाई म्हणून झालं हे."

"माजी हुती," पारूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "घागर घरी नेली मी. सून दोन जिवाची हाय. पाणी दिलं न्हाई म्या दगडाला."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. ती नजर मला सहन झाली नाही. मी कुदळ मागितली आणि खड्डा उकरायला लागलो. प्लेट माणसाच्या उंचीपेक्षा खोल असते, तेव्हा दिवस मावळेल असा माझा हिशोब होता. चारसहा घाव घातले आणि पट्टी हातात आली. गंजलेली, वीतभर. मी खाली उकरलं. आणखी खाली उकरलं. पट्टी नव्हती. प्लेट नव्हती. ओल धरायला घालतात तो कोळसा, मीठ, काही नव्हतं. बसवणाऱ्यानं एक तुकडा मातीत खोचला होता, वर माती ओढली होती, आणि काम पूर्ण झालं म्हणून निघून गेला होता.

दत्ता वाकून खड्ड्यात बघत राहिला. "खाली काहीच न्हाई बे."

"मग आमी पाणी कशाला घालीत हुतो?" पारूबाईंनी विचारलं.

मी तो तुकडा त्यांच्या हातात दिला. "ह्याला, मावशी. आख्खी वाडी एवढ्यावर उभी होती. हा ओला राहिला म्हणून उभी होती. तुमी बायकांनी प्यायचं पाणी घालून धरून ठेवली होती."

त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि पदरात गुंडाळला. पाळीबद्दल नंतर कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे साहेब आले. माणूस वाईट नाही, त्यालाही वरून फोन येतात. त्यानं खड्डा पाहिला, चेहरा उतरला, मग मला बाजूला घेतलं. "अहवालात फ्लक्च्युएशन लिही. वाऱ्यामुळं किरकोळ फ्लक्च्युएशन. तुझा करार संपत आलाय, कशाला भानगडीत पडतोस?"

तेव्हा मला या शब्दाची खरी भीती वाटली. मेहुणा धरून बसतो, कारण त्याला धरून बसता येतं. कायदा मर्यादा बघतो, कारण त्याचं काही जळत नाही. वर्षभराची सरासरी काढली तर त्या वाडीचा वीजदाब दोनशे तीसच्या आसपासच निघेल. झकास निघेल. त्या सरासरीत अम्मींचे काळे पडलेले ओठ कुठे असतील? ज्याला थांबता येतं त्याच्यासाठी तो चढउतार. ज्याला पुढच्या श्वासापर्यंतही थांबता येत नाही, त्याच्यासाठी त्याला दुसरं नाव हवं. वडिलांच्या पत्रकांतून मी एवढंच शिकलो होतो की ज्याचं जातं त्याला नाव ठेवू द्यावं.

मी लिहिलं: जमिनीखाली काही नाही. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही. माझा करार वाढेल की नाही तेही माहीत नाही. पण वाडीत नवीन तार आली, खोल खड्डा झाला, प्लेट पुरली. ती पुरताना मी, दत्ता आणि रशीदभाई तिघं खड्ड्यात उतरलो होतो. दत्ता आणि रशीदभाई तिथंही भांडले, मीठ किती घालायचं यावरून.

काम झाल्यावर अम्मींना भेटायला गेलो. नवा स्टॅबिलायझर गप्प होता. बल्ब हलत नव्हता. तरी त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"बेटा, आता हाय ना खाली?"

"हाय अम्मी. मी सोता पुरलंय."

त्यांनी दोन श्वास घेतले. नळीतून बोलायचं तर श्वास वाचवून बोलावं लागतं. मग म्हणाल्या, "आन् बाकीच्या गावात?"

मी चहा तसाच ठेवून उठलो.

आता माझ्या मोटारसायकलला शिडीच्या बाजूला एक छोटी कुदळ बांधलेली असते. परवा पलीकडच्या गावात थांबलो. डीपीपाशी शेंदूर लावलेला दगड होता आणि भोवती माती ओली. दोन बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. "काय शोधता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, बघतो जरा." त्या आपल्या गावच्या लाईटचं कौतुक सांगू लागल्या. आमच्याकडं फ्लक्च्युएशन लई नसतं, म्हणाल्या, आमी रोज पाणी घालतो.

मी कुदळ मारली. माती मऊ होती. पट्टीच्या लोखंडावर वाजेल म्हणून कान देऊन परत मारली. बायकांनी पाणी मनापासून घातलं होतं, कुदळ सरळ खाली जात राहिली.